४८ व्होल्ट डीसी मोटर बंद करायला सॉलिड स्टेट स्विच चालेल काय? (रिले चिकटलाय)

कणकुंबी_पाऊस
नमस्कार मंडळी. जांबोटीच्या बाजूला आमचं शेत आहे. विहिरीवर ४८ व्होल्टची ब्रशवाली डीसी मोटर बसवलीय, १ एचपीची, चालताना २० अँपिअरच्या आसपास घेते. शेडमध्ये १६ सेलची लिथियम फॉस्फेट बॅटरी आहे, वर पॅनेल, आणि शेडपासून विहीर ४० मीटर. ज्यानं हे सगळं बसवून दिलं त्यानं मोटरला गाडीत असतो तसला ४० अँपिअरचा रिले लावला होता, मोबाईलवरनं चालू-बंद करायला. परवा त्याचे पॉइंट चिकटले. मोबाईलवर बंद दाखवायलंय आणि मोटर रात्रभर कोरडी फिरायलीय. सील गेलं, रिलेचा डबा वितळला, शेजारी कडबा होता तो पेटला नाही एवढंच नशीब. आता बेळगावात दुकानदार म्हणायलाय की रिले सोडा, सॉलिड स्टेट रिले घ्या, आत हलणारे पॉइंटच नसतात, ठिणगीच पडत नाही. त्यानं दाखवलेल्यावर ४० डीए लिहिलंय. घेऊ काय? घरात लहान पोरं आहेत, म्हणून नीट समजून घेऊनच करायचंय.

बेळगुंदी_बाळू
४० चा रिले २० ला चिकटला म्हणजे डुप्लिकेट माल असणार, दुसरं काय.

उद्यमबाग_वाइंडर
बाळू, माल एक नंबर असता तरी चिकटला असता. त्या ४० आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात १४ व्होल्ट डीसी लिहिलेलं असतंय, ते कोण वाचत नाही. साधा साखरेच्या खड्याएवढा रिले घे हातात, त्यावर १० अँपिअर २५० व्होल्ट एसी आणि खाली १० अँपिअर ३० व्होल्ट डीसी असं छापलेलं दिसेल. तेच पॉइंट, तोच स्प्रिंग, मग एसीला २५० आणि डीसीला ३० का? एसी ५० हर्ट्झची असते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा करंट स्वतःहून शून्यावर येतो, दर १० मिलिसेकंदाला. पॉइंट उघडताना आर्क, म्हणजे फटीत जळत राहणारी ठिणगी, पेटला तरी पुढच्या शून्याला विझतोय. डीसीला शून्य नाहीच. आर्क तग धरायला पॉइंटांमध्ये निदान १२-१३ व्होल्ट आणि थोडा करंट लागतोच, म्हणून १२ व्होल्टच्या गाडीत हा रिले वर्षानुवर्षं चालतोय आणि ४८ वर नेला की त्याच्या एवढ्याशा फटीत आर्क आरामात जळत राहतोय. त्यात मोटर सुरू होताना ८०-१०० अँपिअर ओढत असणार, त्या दणक्यात पॉइंट उसळतात, वितळतात आणि एकमेकाला चिकटतात.

बेळगुंदी_बाळू
बरं. मग दुकानदाराचं बरोबर की, पॉइंटच नकोत.

शहापूर_सर्किट
कणकुंबी दादा, डीए वाला अजिबात घेऊ नका. डीए म्हणजे कंट्रोल डीसीचं आणि लोड एसीचं. त्याच्या पोटात ट्रायॅक नाहीतर उलटसुलट जोडलेले दोन थायरिस्टर असतात, हे एसीचे इलेक्ट्रॉनिक स्विच. थायरिस्टर एकदा चालू झाला की गेटचा, म्हणजे चालू करणाऱ्या टोकाचा, इशारा काढून घेतला तरी चालूच राहतो, करंट जवळपास शून्यावर आला तरच सुटतो. एसीत ते दर १० मिलिसेकंदाला होतं, तुमच्या बॅटरीवर कधीच होणार नाही. म्हणजे मोटर मस्त चालू होईल आणि बंद होणारच नाही, तुमचा चिकटलेला रिले पुन्हा विकत घेतल्यासारखं. तुम्हाला डीडी लागेल, म्हणजे कंट्रोल आणि लोड दोन्ही डीसीचं, आत मॉस्फेट असलेला. मॉस्फेट हा गेटचा व्होल्टेज काढला की बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. त्याचा व्होल्टेजही बघा, तुमची बॅटरी नावाला ४८ ची असली तरी १६ सेल फुल चार्जला ५८.४ व्होल्टवर जातात. ६० व्होल्टचा डीडी बाजारात मिळतो, तो तुमच्या कामाचा नाही.

कणकुंबी_पाऊस
ताई, हे कोणी सांगितलंच नव्हतं, फार उपकार झाले. मग १०० व्होल्टचा डीडी आणून जोडला की काम झालं?

शहापूर_सर्किट
नाही, खरा विषय इथूनच सुरू होतो. जरा लांबण लावते, समजून घ्या.

रिलेचा आर्क वाईट खरा, पण तो एक काम करत असतो. तारेत आणि मोटरच्या वेटोळ्यात चुंबकीय रूपात जी ऊर्जा साठलेली असते ती आर्कमध्ये जळून जाते. मॉस्फेट एका मायक्रोसेकंदात बंद होतो, आर्क नाही, मग ती ऊर्जा जाणार कुठं? पाण्याचा व्हॉल्व खटकन बंद केला की पाईप कशी धाडकन हादरते तसंच. चाळीस मीटरच्या जोडतारेचा इंडक्टन्स अंदाजे ४० मायक्रोहेन्री धरा. २० अँपिअर एका मायक्रोसेकंदात तोडला तर ४० गुणिले २०, ८०० व्होल्ट उसळायला बघतात. १०० व्होल्टच्या मॉस्फेटनं ते सोसायचं कसं? तो फुटतो, आणि मॉस्फेट फुटताना बहुतेक वेळा शॉर्ट होऊन फुटतो. म्हणजे परत मोटर चालूच.

म्हणून स्विच निवडण्याच्या आधी ऊर्जेला वाट करून द्यायची. स्विचच्या पलीकडे, मोटरच्या बाजूला, एक उलटा डायोड, कॅथोड प्लसला आणि अॅनोड मायनसला. स्विच बंद झाला की मोटरचा आणि तारेचा करंट त्या डायोडमधनं गोल फिरत विझून जातो. डायोड चालू करंटएवढा तरी हवा, इथं ४०-५० अँपिअरचा घ्या.

आणि हा डायोड नक्की कुठं बसवायचा, याच्यात बरेच जण गोंधळतात. तुमचा स्विच शेडमध्ये बॅटरीजवळ असेल तर ४० मीटर तार स्विचच्या पुढं येते, आणि स्विचच्या तोंडाशीच डायोड लावला की तार आणि मोटर दोन्ही त्याच्या पदराखाली येतात. पण स्विच विहिरीवर बसवलात तर तीच तार स्विचच्या मागं जाते, बॅटरीच्या बाजूला, आणि मोटरवरचा डायोड तिचं काहीच करू शकत नाही. मग तिथं मोठा कपॅसिटर नाहीतर टीव्हीएस, म्हणजे ठराविक व्होल्टेजच्या वरची उसळी गिळणारा डायोड, लागतो. म्हणून स्विच शेडमध्येच ठेवा.

संकेश्वर_मिरची
ताई, टीव्हीएस लावला की १०० व्होल्टचा मॉस्फेट चालेल ना? माझ्याकडे पडलेत.

शहापूर_सर्किट
६० व्होल्टला गप्प राहणारा टीव्हीएस घेतला तर पूर्ण करंट गिळताना त्याच्यावर जवळपास ९७ व्होल्ट येतात. १०० च्या मॉस्फेटला तीन व्होल्टची फट राहिली, त्यात वायरिंगचे दोन-चार इंच आले की संपलं. १५० व्होल्टचा घ्या. ५ मिलिओहमचा सहज मिळतो, २० अँपिअरला २ वॉट उष्णता. तापल्यावर रेझिस्टन्स दीडपट-दुप्पट होतो, तरी छोट्या हीटसिंकवर निभतं.

निपाणीकर_सोलार
मला हे सगळं पटत नाही, स्पष्ट बोलतो. मी निपाणी-चिकोडी पट्ट्यात सोलरचं काम करतो. शेतकऱ्याला मॉस्फेट, गेट, टीव्हीएस हे सांभाळायला कोण येणार? ज्याच्या आर्क चेंबरला चुंबक लावलेलं असतं असा चांगला डीसी कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा दणकट रिले, मिळतो. चुंबक आर्कला बाजूला ओढून लांब करतं, लांबला की आर्कला लागणारा व्होल्टेज बॅटरीपेक्षा जास्त होतो आणि विझतो. दिवसातनं दोनदा चालू-बंद करायचं तर एवढं पुरे. बिघडला तर गावातला वायरमनसुद्धा बदलून देतो. सॉलिड स्टेट म्हणजे सगळं सुटलं असं नका सांगू लोकांना.

उद्यमबाग_वाइंडर
निपाणीकरांशी मी अर्धा सहमत. ज्याची दुरुस्ती गावात होत नाही ते विहिरीवर नको, हे बरोबर आहे.

शहापूर_सर्किट
सगळं सुटतं असं मी कुठं म्हटलं? उलट मॉस्फेटच्या भरवशावर माणसानं मोटरच्या तारेला हात लावू नये असंच माझं म्हणणं आहे. बंद असतानाही त्यातनं थोडी गळती असते, आणि बिघडला तर शॉर्ट होतो. सॉलिड स्टेट हा रोजच्या चालू-बंदचा स्विच आहे, तोडून वेगळं करणारा आयसोलेटर नाही. त्याच्या आधी हातानं फिरवायचा डीसी आयसोलेटर आणि फ्युज पाहिजेच पाहिजे. पण ठिबकला टायमर लावून दिवसभर सारखं चालू-बंद असेल तर कॉन्टॅक्टरचे पॉइंट झिजणार. मॉस्फेटला ती झीज नाही, शिवाय गेट पल्सनं झटपट चालू-बंद करत आणि पल्सची रुंदी हळूहळू वाढवत मोटरचा सुरुवातीचा दणका कमी करता येतो. कॉन्टॅक्टरला ते जमत नाही.

हिंडलगा_पेन्शनर
चर्चा वाचून जुने दिवस आठवले. मी मुंबईत रेल्वेच्या ट्रॅक्शनला होतो, आता हिंडलग्याला असतो. मुंबईची लोकल १९२५ साली १५०० व्होल्ट डीसीवर सुरू झाली, आणि हार्बर लाईनवरची शेवटची डीसी २०१६ च्या एप्रिलात बंद होऊन सगळं २५ हजार व्होल्ट एसी झालं. सबस्टेशनातला डीसीचा हायस्पीड ब्रेकर फॉल्टला उघडायचा तेव्हा तोफ उडाल्यासारखा आवाज यायचा. करंटच्याच जोरावर चुंबकानं आर्क वर फुंकला जायचा, वरच्या आर्क शूटमध्ये पट्ट्यापट्ट्यांनी त्याचे तुकडे व्हायचे. ब्रेकर उघडल्याच्या कितीतरी नंतरपर्यंत चेंबर गरम असायचा. ऊर्जेला वाट द्या असं ताई म्हणतात ते त्या चेंबरला हात लावणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. आम्ही चेंबर उघडण्याआधी अर्थिंग रॉड लावायचो, कितीही घाई असली तरी. तुम्ही ४८ व्होल्टवाले हे करत नाही, पण सवय चांगली.

बेळगुंदी_बाळू
काका, तोफेचा आवाज जांबोटीत आला तर हत्ती तरी पळतील उसातनं 😄

कणकुंबी_पाऊस
बाळू, हत्ती आले तर मोटर, रिले, स्विच सगळंच जाणार भावा.

चिकोडी_ऊस
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथंच विचारतो. आमच्याकडे सोलर पंप आहे, १० पॅनेल सिरीजमध्ये. कंट्रोलरच्या आधी एक एमसीबी आहे, घरच्या मीटरजवळ असतो तसलाच दिसतो. तो कधीकधी हातानं बंद करतो. धोका आहे काय?

निपाणीकर_सोलार
आहे, मोठा आहे. हल्लीच्या ५४० वॉटच्या एका पॅनेलचा उघडा व्होल्टेज, म्हणजे काही न जोडता येणारा, ४९-५० असतो, दहाचे ५०० झाले. घरचा एसी एमसीबी एवढा डीसी तोडायला बनवलेलाच नसतो. एमसीबीवर डीसी आणि व्होल्टेज स्पष्ट छापलेलं आहे काय ते बघा. छापलेलं असलं तरी प्लस-मायनसची खूण असेल तर तारा त्याप्रमाणेच पाहिजेत. आत कायमचुंबक असतं, तारा उलट्या लागल्या तर आर्क चेंबरकडे जायच्याऐवजी उलटा मेकॅनिझमकडे ढकलला जातो आणि एमसीबी जळतो. मी असले काळे पडलेले डबे उघडलेत, माल चांगला होता, फक्त तारा उलट्या.

दुसरं, पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट चालू करंटपेक्षा जेमतेम जास्त असतो, १३ च्या जागी १४ अँपिअर. त्यामुळं शॉर्ट झालं तरी एमसीबी किंवा फ्युज उडेलच याची खात्री धरू नका, आर्क दिवस मावळेपर्यंत जळू शकतो. आणि मोटर चालू असताना पॅनेलचे ते काळे कनेक्टर ओढून काढू नका. आधी कंट्रोलर थांबवा, मग आयसोलेटर, मगच कनेक्टर.

चिकोडी_ऊस
बघितला. डीसी कुठंच लिहिलेलं नाही. उद्याच बदलून घेतो, तोवर कुणाला हात लावू देत नाही.

संकेश्वर_मिरची
वाइंडर साहेब, तुमच्या उद्यमबागेत मॅग्नेटिक चक आणि फौंड्रीतले भंगार उचलायचे मॅग्नेट असतात, ते तर सगळे डीसी. तिथं काय करतात? तिथं तर कॉइल केवढी मोठी.

उद्यमबाग_वाइंडर
चांगला विषय काढलास. ग्राइंडरचे चक बहुतेक ११० व्होल्ट डीसीवर असतात, उचलायचे मॅग्नेट २२० च्या आसपास. समज एक मॅग्नेट २२० व्होल्टला २० अँपिअर घेतो, म्हणजे ११ ओहम, आणि त्याचा इंडक्टन्स ११ हेन्री धर. साठलेली ऊर्जा निघते २२०० ज्यूल. कणकुंबीकरांच्या तारेत ८ मिलिज्यूल आहे, म्हणजे जवळपास पावणेतीन लाख पट. असली कॉइल उघड्या स्विचनं तोडली की इन्शुलेशनला भोक पडतं, आमच्याकडे रिवाइंडिंगला येणाऱ्या कॉइलांत हे कारण नेहमी दिसतं.

आता नुसता उलटा डायोड लावला तर कॉइल वाचते, पण करंट विझायला तीनेक सेकंद लागतात, क्रेनवाला बटण सोडून बसतो आणि भंगार वर लोंबकळत राहतं. म्हणून डायोडबरोबर सिरीजमध्ये डिस्चार्ज रेझिस्टर घालायचा. ३३ ओहमचा घातला तर पाव सेकंदाचा टाइम कॉन्स्टंट येतो, पाऊण सेकंदात करंट ओसरतो, पण सुरुवातीला त्याच्यावर ६६० व्होल्ट चढतात. स्विचवर २२० अधिक ६६०, म्हणजे ८८०. मग १२०० व्होल्टचा आयजीबीटी, म्हणजे जास्त व्होल्टेजचा इलेक्ट्रॉनिक स्विच, लागतो. जितकं लवकर सोडवायचं तितका व्होल्टेज सोसावा लागणार, याच्यातनं सुटका नाही. आणि लाईट गेली म्हणून मॅग्नेट सुटून खाली माणसावर पडायला नको, त्यासाठी बॅटरी बॅकअप ठेवतात. तिथं बंद होणं हाच धोका असतो.

हिंडलगा_पेन्शनर
अगदी. हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं तर ओडिशातल्या तालचेरहून आपल्या कर्नाटकातल्या कोलारला येणारी लाईन आहे, २००३ पासूनची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट डीसी. तसल्या दोन टोकांच्या लाईनला फॉल्ट आला तर डीसी ब्रेकरनं तोडत नाहीत, टोकाच्या थायरिस्टरांना चालू करणारा इशारा उशिरा देऊन करंट शून्यावर आणतात. डीसीचं जाळं करायचं तर ब्रेकर लागतोच. २०१२ साली एबीबीनं ५ मिलिसेकंदांच्या आत तोडणारा हायब्रिड ब्रेकर जाहीर केला. त्यात एरवी करंट मेकॅनिकल वाटेनं जातो, तोडताना क्षणभर सेमीकंडक्टरकडे वळवतात, आणि शेवटी ऊर्जा गिळतो तो सर्ज अरेस्टर, टीव्हीएसचाच मोठा भाऊ. एवढ्या मोठ्या ठिकाणीही शेवट तिथंच येतो बघा.

कणकुंबी_पाऊस
वाचायला फार बरं वाटतंय, पण मी आता काय आणू ते सांगा. आणि निपाणीकर आणि ताई दोघांचं ऐकून अजून ठरत नाही.

शहापूर_सर्किट
दोघांचंही घ्या, भांडण नाहीच मुळी. बॅटरीच्या प्लसला जमेल तितक्या जवळ फ्युज, डीसीचा, आणि बॅटरीचा शॉर्ट करंट तोडू शकेल असा. लिथियम बॅटरी शॉर्टला हजारो अँपिअर देते, गाडीतला पात्यांचा फ्युज तिथं चालत नाही. त्याच्या पुढं हातानं फिरवायचा आयसोलेटर, मग निपाणीकरांचा कॉन्टॅक्टर, मग मॉस्फेट, मग डायोड, मग विहिरीची तार. चालू करताना आधी कॉन्टॅक्टर, मग मॉस्फेट. बंद करताना आधी मॉस्फेट, पाव सेकंद थांबून कॉन्टॅक्टर. रोज कॉन्टॅक्टर करंट नसतानाच उघडतो, त्याचे पॉइंट झिजत नाहीत. आणि ज्या दिवशी मॉस्फेट शॉर्ट होईल त्या दिवशी कॉन्टॅक्टर एकटा तोडू शकला पाहिजे, म्हणून तिथं स्वस्तातला घेऊ नका.

मॉस्फेट प्लसच्या तारेत घाला. मायनसमध्ये घालणं सोपं असतं, पण मग मोटर बंद असताना दोन्ही तारा प्लसला राहतात आणि विहिरीत ओल आहे. प्लसमध्ये गेटला वेगळा आयसोलेटेड ड्रायव्हर लागतो. गेट रेंगाळत उघडलं की मॉस्फेट अर्धवट चालू राहतो, अर्ध्यावर असताना २९ व्होल्ट आणि १० अँपिअर, २९० वॉट त्या एवढ्याशा तुकड्यात. १०-१२ व्होल्टनं झटकन उघडणारा आणि गेटचा व्होल्टेज कमी पडला तर स्वतःहून बंद करणारा ड्रायव्हर घ्या. शिवाय बंदचा हुकूम दिल्यावर मोटरच्या तारेवर व्होल्टेज शिल्लक आहे काय ते कंट्रोलरला तपासू द्या. मोबाईलवर बंद दिसलं म्हणजे बंद झालं असं धरायचं नाही.

निपाणीकर_सोलार
हे मला मान्य. फक्त एक वाढवा, जांबोटीला वळवाच्या पावसात वीज किती पडते ते माहीत आहे. ४० मीटर तार म्हणजे अँटेनाच. दोन्ही टोकांना डीसी एसपीडी, म्हणजे विजेची उसळी जमिनीत सोडणारा, नीट अर्थिंग, आणि डबा बंद, केबल ग्लँड लावून. पावसाळ्यात तिकडं बोर्डावर पाणी सुटतं, वर कोटिंग मारून घ्या. पाली पण शिरतात.

संकेश्वर_मिरची
पहिल्यांदा सरळ मोटर जोडू नका दादा. ट्रकचे २४ व्होल्टचे हेडलाईट बल्ब सिरीजमध्ये घालून आधी त्यावर चालू-बंद करून बघा. तीन घाला, दोनच घातले तर फुल बॅटरीला त्यांच्यावर जास्त व्होल्टेज येईल.

कणकुंबी_पाऊस
ठरलं मग. डीए वाला नको म्हणून दुकानदाराला फोन करतो. कॉन्टॅक्टर निपाणीकर दादांकडनं घेतो, ड्रायव्हर बोर्डाचं ताईंना व्यनि करतो. ताई, कॉन्टॅक्टरच्या स्वतःच्या कॉइललाही डायोड लागेल ना?

शहापूर_सर्किट
लागेल, पण नुसता डायोड नको. तो कॉइलचा करंट रेंगाळत ठेवतो, कॉन्टॅक्टर हळू उघडतो, आणि मॉस्फेट शॉर्ट असेल तेव्हा नेमकं हळू उघडून चालत नाही. डायोडबरोबर सिरीजमध्ये झेनर, म्हणजे ठराविक व्होल्टेजला उलटा करंट जाऊ देणारा डायोड, उलट्या दिशेनं. कॉइल १२ व्होल्टची असेल तर २४ चा झेनर घाला. काही कॉन्टॅक्टरमध्ये हे आतच बसवलेलं असतं, आधी डेटाशीट बघा, मग जोडा.

कणकुंबी_पाऊस
बघतो. बल्बवर टेस्ट झाली की फोटो टाकतो इथं.